मी छापलेली रांगोळी

शाळा वाचली, हे आधीच सांगून टाकते. आमच्या पत्रकामुळे वाचली असं लोक म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण ज्या मुलीचं चित्र त्या पत्रकावर होतं, ती आता त्या शाळेत नाही. तिच्या बापाच्या घरातही नाही. हे कोणी कुठे छापलं नाही. छापणारी मीच होते, म्हणून लिहायचंही मलाच आहे.

गाव मेहकर तालुक्यातलं. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून अर्धा तास पायी. जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा, पहिली ते चौथी मिळून चौदा पोरं आणि एक गुरुजी. कमी पटाच्या शाळा मोठ्या गावच्या शाळेत सामावून घ्यायच्या, असं वरून येऊ घातलं होतं. सामावून घ्यायच्या म्हणजे कुलूप लावायचं. सहा वर्षांच्या पोराने डांबरी रस्ता आणि नाला ओलांडून दुसऱ्या गावाला जायचं, आणि नाही गेलं तर ‘पालकांची उदासीनता’ असं लिहून मोकळं व्हायचं. आमचा चार-पाच जणांचा गट याच्या विरोधात गावोगाव फिरत होता. पत्रकं खामगावात छापून घ्यायचो. मजकूर माझा असायचा. कॉलेजात असल्यापासून मी तेवढं एकच काम नीट करत आले. उद्गारचिन्ह कुठे ठोकायचं ते मला कळायचं.

या शाळेत मी वाटायला गेले होते पत्रकं, आणि अडकले कपाटापाशी. कुठल्याशा कंपनीने देणगी म्हणून दिलेले चार टॅब त्या कपाटात होते. वरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

“फुटलं तं उत्तर मले द्या लागते ताई,” गुरुजी म्हणाले. माणूस निवृत्तीला टेकलेला, सज्जन, आणि कागदाला घाबरणारा.

“गुरुजी, कपाटात ठेवून काय लोणचं घालणार आहात का त्यांचं?”

ते हसले. किल्ली दिली. मी संगणकाचा डिप्लोमा केलेला होता, तो आजवर पत्रकाचा फॉन्ट निवडण्यापलीकडे कामाला आला नव्हता. आठवड्यातून दोन दिवस मी तिथे जायला लागले. चित्र काढणारं एक अॅप टाकलं. त्यात रंगीत ठोकळे एकाखाली एक लावायचे: पुढे जा, वळ, रंग बदल, पुन्हा कर. ठोकळे लावले की पडद्यावर एक टिंब चालायला लागतं आणि मागे रेघ सोडत जातं. त्या टिंबाला पोरांनी पहिल्याच दिवशी मुंगी नाव दिलं.

टॅब चार, पोरं चौदा. म्हणून आधी अंगणात शिकवायचं ठरवलं. एक जण मुंगी झाला, दुसऱ्याने हुकूम द्यायचे. चौकोन चालून दाखवायचा. चार पावलं पुढे, उजवीकडे वळ. चार पावलं पुढे, उजवीकडे वळ. तिसऱ्या बाजूला हुकूम देणारी पोरगी वैतागली.

“ताई, तेच ते किती डाव बोलू वं?”

“मग एकदाच बोल. आणि किती वेळा करायचं तेवढं सांग.”

तिने विचार केला आणि ओरडली, “चार पावलं जाय न उजवीकडं वय, असं चार डाव कर!” झाला लूप. आम्ही त्याला फेरा म्हणायला लागलो. पुढचा पोरगा वळायचं सांगायलाच विसरला, नुसतं “पुढं जाय, दहा डाव” म्हणाला, आणि मुंगी झालेला पोरगा इमानदारीत चालत जाऊन भिंतीला भिडला. “भित्तीत घातलं बे मले यानं!” सगळी शाळा लोळून हसली. गुरुजीसुद्धा. ज्या साहेबांना खेड्यातल्या पोरांना संगणक कशाला असं वाटतं, त्यांनी ते अर्धा तास बघायला हवं होतं. फेऱ्यात वळण नसलं तर माणूस भिंतीवर जातो, हे त्या पोरांना कळलं. मला अजून कळायचं होतं.

ती मुलगी चौथीत होती. नऊ वर्षांची. बाप वांगी आणि मिरच्या लावायचा, स्वतःच मेहकरच्या बाजारात नेऊन विकायचा. होळी झाल्यावर आठवड्यात तिची आई कावीळ होऊन गेली. बापाची थोरली बहीण, म्हणजे मुलीची आत्या, शेगावच्या बाजूच्या तिच्या गावाहून दिवसकार्याला आली आणि घर चालवायला राहिली. हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्यांदा कळलं ते एवढंच की, “आज आपण रांगोळी काढू” असं मी म्हटल्यावर सगळी पोरं टॅबवर तुटून पडली आणि ही एकटी दोन्ही हात मांडीखाली घालून बसली.

“काऊन गं? तुला नाही काढायची?”

शेजारची बोलली, “तिच्या घरी दुःख हाये ताई. वर्सभर नाई चालत त्यायले. तळनबी नाई करत.”

दुःखाच्या घरी वर्षभर दारात रांगोळी पडत नाही, सणाची कढई चढत नाही, हे मला काय ठाऊक नव्हतं? मी खामगावचीच. आमच्याही घरात पाळलं होतं आजोबांच्या वेळी. पण एव्हाना मी चळवळीतली झाले होते. मी तिथल्या तिथे पाच मिनिटांचं भाषण ठोकलं. मेलेल्या माणसाला रांगोळीने काही होत नाही, लोक काहीही सांगतात, आपण विचार करायचा असतो, वगैरे. पोरं ऐकत होती. ती जमिनीकडे बघत होती. एवढ्या लहान लेकरासमोर त्याच्या आईला ‘मेलेलं माणूस’ म्हणताना माझी जीभ अडखळली नाही. पत्रकात असे शब्द चालतात.

पुढच्या खेपेला मी दप्तरी काम करत होते, तेव्हा ती येऊन उभी राहिली.

“ताई, पावडर नाई. दारबी नाई. मंग याले रांगोळी म्हनतात का?”

मी मान वर केली. मी काय उत्तर देते त्यावर ती टॅबला हात लावणार की नाही ते ठरणार होतं, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

“नाही,” मी म्हटलं. “याला लूप म्हणतात. फेरा. रांगोळी नाही ही.”

“पक्कं?”

“पक्कं.”

ती जाऊन टॅबपाशी बसली.

त्यानंतर दोन महिने त्या मुलीने जे केलं ते मी कुठल्याही शहरी शाळेत बघितलेलं नाही. बाकीची पोरं गोल, चौकोन, चांदण्या करत होती. तिला मात्र एकच चित्र करायचं होतं, आणि ते तिच्या आईच्या हातचं होतं. आई पहाटे सडा टाकून उकिडवी बसायची, मधोमध सहा पाकळ्यांचं फूल काढायची, मग बाहेरून कमानींचा गोल. ठिपके मांडायची नाही, अंदाजाने काढायची. त्या हाताचं वळण या मुलीच्या डोळ्यांत होतं. ते तिला मुंगीला सांगायचं होतं.

पाकळी वाकडी असते आणि मुंगी सरळ चालते. इथे ती चार दिवस अडली. मग तिला सुचलं की एक छोटं पाऊल, एक बारीकसं वळण, असं दहा वेळा केलं की रेघ आपोआप वाकते. अशा दोन वाकड्या रेघा एकमेकींना भेटवल्या की पाकळी. पाकळी सहा वेळा केली की फूल. फेऱ्यात फेरा, त्यात आणखी फेरा. मी शिकवलं नव्हतं. अंश म्हणजे काय हेही चौथीच्या मुलीला कुठून कळणार? तिने वळणाच्या जागी पन्नास टाकून पाहिलं, फुलात फट राहिली. सत्तर टाकलं, पाकळ्या एकमेकींवर चढल्या. साठ टाकलं आणि फूल मिटलं. तिने मला हाक मारली नाही. नुसती पडद्याकडे बघत बसली. मी मागून बघत होते.

बाहेरच्या गोलाला तिने कमानी अकराच ठेवल्या. जागा बाराची होती. शेजारच्या पोराने लगेच चूक धरली.

“हे पाय, तुही एक राह्यली! बारा टाक बे.”

“राह्यली नाई. माही माय तिकून वाट सोडे. दाराच्या अंगानं.”

“काहाले?”

“येयाले.”

कोणाला यायला, ते त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

एक दिवस फाट्याकडे जाताना तिचा बाप भेटला. डोक्यावर वांग्यांचं पोतं होतं, ते खाली ठेवून बोलायला थांबला. “ताई, तुमचा वर्ग असला की पोट्टी घरी येऊन बोलते. मुंगी अशी गेली न तशी गेली. नाईतं दिवसदिवस तोंड उघडे नाई. आमची बहीन म्हनते, पोरीले मी नेतो, एकट्या गड्याच्यानं पोरगी नाई वाढत. म्या म्हनलं, थांब माय, शाळेत जीव रमून राह्यला तिचा. दिवाळी होऊ दे, मंग पाहू.” मग जरा घुटमळून म्हणाला, “ते गेली तं घरात मी एकटाच हावो.”

म्हणजे त्या मुलीचं बापापाशी राहणं माझ्या त्या चार टॅबांवर टेकलेलं होतं. मला ते त्यानेच सांगितलं, रस्त्यावर उभं राहून, मराठीत. मला समजलं नाही असं मी म्हणूच शकत नाही.

दिवाळीनंतर पंचायत समितीचे साहेब शाळा बघायला येणार, असं ठरलं. आमच्या गटात धावपळ सुरू झाली. एक जोरदार पत्रक पाहिजे, डोळ्यांत पाणी आणणारं. मला फार शोधावं लागलं नाही. तिचं चित्र मी टॅबवरून काढून घेतलं. छापायला बसले तेव्हा तो गोल एका बाजूने उघडा दिसत होता, कागदावर अपुरा वाटत होता. साहेब म्हणतील, पोरांना धड गोलही येत नाही. मी पुन्हा शाळेत गेले, टॅबवर तिचा ठोकळा उघडला, अकराच्या जागी बारा टाकलं. गोल बंद झाला. सुरेख दिसायला लागला.

वर मोठ्या अक्षरात मी लिहिलं: आई गेली, हात थांबला नाही! खाली: मातृछत्र हरपलेल्या चौथीतल्या मुलीने काढली आईची रांगोळी, थेट टॅबवर! अशी शाळा तुम्ही बंद करणार? नाव टाकलं नव्हतं. नाव टाकलं नाही म्हणजे आपण जपलं, असं मला खरोखर वाटत होतं. त्या वर्षी त्या गावात आई गेलेली चौथीतली मुलगी एकच होती.

तिला विचारलं नाही. तिच्या बापाला विचारलं नाही. चांगल्या कामाला काय विचारायचं?

धनत्रयोदशीच्या दिवशी दुपारी आम्ही गावात पत्रकं लावली. कणकेची खळ बादलीत, हातात ब्रश. ओसरी दिसली की भिंतीवर, भिंत नसली की दारावर. तिचं घर बंद होतं, सगळे वांग्यांच्या वावरात गेले होते. त्या दारावर मीच लावलं. हाताने चांगलं दाबून, कोपरे उचलू नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती, पण मी पोरांना बोलावलं होतं, साहेबांना दाखवायची तयारी म्हणून. अकराच्या सुमाराला आत्या आली. चप्पल दाराबाहेर काढून आली, हे मला आठवतं. एवढ्या रागातही शाळेत चप्पल घालून शिरली नाही ती बाई.

“कोन हाये ती पत्रकवाली?”

“मी. या ना, बसा.”

“बसाले नाई आली. वर्स नाई झालं माह्या भावजयीले. भावकीतल्या बाया फराळ घेऊन आल्या काल, दुःखाच्या घरी चुलीवर कढई नाई म्हून. दारातच उभ्या राह्यल्या. ‘काय वो, रांगोळी काढली का तुमी?’ म्हने. माह्या भावाच्या तोंडावर म्हनलं. ‘पोरगी मायले इसरली का?’ म्हने.”

मी माफी मागायला हवी होती. मी वाद घातला. “अहो आत्याबाई, कागद आहे तो. आणि या जुन्या गोष्टी…”

“कागद हाये तं तुह्या दाराले लाव! तुही माय हाये न जित्ती? तिच्या नावाचा लाव मंग. ‘माय गेली’ म्हून लाव.”

गुरुजी मध्ये पडले, “जाऊ द्या बाई, ताईच्या मनात काई…”

“तुमी गप ऱ्हा गुर्जी. तुमाले शाळा पायजे. इले नाव पायजे. लेकरू कोनाले पायजे, सांगा?”

मग मला तिच्या मागे दारात उभी असलेली मुलगी दिसली. रडत नव्हती. तिच्या हातात दारावरून ओरबाडून काढलेला कागद होता, अर्धा फाटलेला, मागे खळ आणि दाराचा रंग लागलेला.

“तुमी म्हनलं होतं, रांगोळी नाई,” ती म्हणाली.

मी काहीतरी बोलायला लागले. समजावणारं.

“पक्कं म्हनलं होतं.”

तेवढंच बोलली ती. मग आत आली, तिच्या नेहमीच्या जागेवर बसली, टॅब उघडला. मला वाटलं, चला, राग गेला. ती एकेक ठोकळ्यावर बोट ठेवून तो ओढत होती आणि खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकत होती. आधी कमानी. तिथला बाराचा आकडा बघून तिचं बोट क्षणभर थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तो ठोकळाही टाकला. मग फूल, मग पाकळी, मग ती वाकडी रेघ, जिच्यासाठी चार दिवस बसली होती. पडदा पांढरा झाला. टॅब बंद करून दोन्ही हातांनी उचलला आणि कपाटात ठेवून आली, गुरुजींना आवडतो तसा, नीट.

मी त्या दुपारी घरोघर जाऊन पत्रकं काढली. सुकलेली खळ पाणी मारल्याशिवाय निघत नाही. दिवाळीच्या दिवशी लोक दारं सारवत होते आणि मी ओल्या फडक्याने त्यांच्या भिंती पुसत होते. एका बाईने मला चहा विचारला, तो मला शिवीपेक्षा जास्त लागला. संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. दारात पणती होती, एक, नुसती. बाप बाहेर बाजेवर बसला होता.

“चुकलं माझं,” मी म्हटलं. आयुष्यात इतकं छोटं वाक्य मी आधी कधी लिहिलंही नव्हतं.

“हाव,” तो म्हणाला. भांडला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, “चित्र बरोबर हाये. तिची माय अशीच काढे. फक्त इकून वाट ठेवे ती. तुमच्या कागदावर बुजवली.”

मी बुजवली, असं मी सांगितलं. तो “बरं” म्हणाला.

“मुलीला ठेवाल ना इथेच? मी येणार नाही वाटल्यास. गुरुजी शिकवतील.”

“आता ते म्हनते, शाळेत नाई जात. म्या लई समजावलं. आत्यासंगं जातो म्हनते.” त्याने पणतीकडे पाहिलं. “तिनं सोताहून म्हनल्यावर काय धरून ठेवू?”

साहेब आले ते दिवाळीनंतर, ठरल्याप्रमाणे. त्यांच्यापर्यंत पत्रक आधीच पोचलं होतं, आमच्याच माणसाने पोचवलं होतं. “फारच हृदयस्पर्शी,” म्हणाले. ती मुलगी कुठे आहे, असंही विचारलं. पोरं माझ्याकडे बघायला लागली. गुरुजी म्हणाले, “गावाला गेली सर.” ती तेव्हा घरीच होती. साहेबांनी इतर पोरांचे गोल आणि चांदण्या बघितल्या, मुंगीला हसले, आणि जाताना आमच्या शाळेचं तूर्त थांबवतो असं बोलून गेले. बाहेर गटातल्या पोरांनी घोषणा दिल्या. मीही दिल्या. सवय असते घशाला.

चारच दिवसांनी बाप दाखला न्यायला आला. तिकडच्या शाळेत नाव घालायचं होतं. गुरुजींच्या चष्म्याची काडी मोडलेली, म्हणून रजिस्टर पुढ्यात घेऊन दाखला मीच लिहायला बसले. नाव, जन्मतारीख, आईचं नाव. ते लिहिताना मला पहिल्यांदाच कळलं की त्या बाईचं नाव काय होतं. इतके दिवस मी तिच्यावर पत्रक छापलं, भाषण केलं, आणि नाव विचारलं नव्हतं.

मग रकाना आला: शाळा सोडण्याचे कारण.

“काय लिहू?” मी विचारलं.

बाप गुरुजींकडे बघायला लागला. गुरुजी टेबलावरची धूळ झटकायला लागले. “लिव्हा, पालकांच्या विनंतीवरून,” ते शेवटी म्हणाले. “सगळे तेच लिव्हतात.”

“तुम्ही विनंती केली का?” मी बापाला विचारलं. का विचारलं, देव जाणे.

“म्या कायले करू?” तो म्हणाला. आणि मग, माझं अडलेलं पेन बघून, मलाच सावरून घ्यायला म्हणाला, “लिव्हा ताई. गाडी हाये माही साडेबाराची. पोट्टी फाट्यावर थांबून हाये आत्यासंगं, उन्हात.”

मी लिहिलं. पालकांच्या विनंतीवरून. खाली गुरुजींनी सही केली, शिक्का मारला, शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर मारली. बापाने दाखल्याची घडी घातली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि भरभर फाट्याकडे निघून गेला.